सेवेत खंड

सरकारी कर्मचारी सहसा संपावर जात नाही. तो रजेवर जातो. एकाच दिवशी, एकाच कारणासाठी, हजारोंच्या संख्येने जातो, पण अर्जावर ‘किरकोळ रजा’ असेच लिहितो. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि त्यानंतर राज्यभरातील निवासी डॉक्टरांनी काम थांबवले. तेव्हाही तो संप नव्हता, ‘सामूहिक रजा’ होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, रुग्णालयांत सुरक्षारक्षक नेमण्याचे आश्वासन सरकारने दिले आणि डॉक्टर परतले. बाह्यरुग्ण विभागाच्या दारातून परत फिरलेल्या माणसाला संप आणि रजा यांतला फरक काय कळणार? आंदोलन करणाऱ्याला मात्र तो नीट कळतो.

संप या एका शब्दावर बंदी असल्यामुळे कार्यालयांच्या आवारात दुसरे किती शब्द उगवले आहेत ते पाहण्यासारखे आहे. पहिली पायरी काळ्या फिती लावून काम करण्याची. फीत दंडावर, काम चालू, तक्रारीला जागा नाही. मग जेवणाच्या सुट्टीत द्वारसभा. फाटकाजवळ अर्धा तास घोषणा द्यायच्या आणि सुट्टी संपायच्या आत आपापल्या टेबलावर परतायचे. त्यापुढे घंटानाद, थाळीनाद, एक दिवसाचे धरणे. त्याच्याही पुढे ‘लेखणी बंद’: वेळेवर यायचे, मस्टरवर सही करायची, खुर्चीवर बसायचे आणि फाईल उघडायचीच नाही. हजेरी आहे, काम नाही. टंकलेखन यंत्रे गेली, संगणक आले, लिपिकाच्या हातात लेखणी उरली नाही. आंदोलनाचे नाव तेवढे टिकून आहे.

तलाठ्यांची तऱ्हा निराळी. एका तलाठ्याकडे स्वतःच्या सज्जाखेरीज आणखी एकदोन सज्जांचा अतिरिक्त कार्यभार असतो. आंदोलन पुकारले की तो त्या अतिरिक्त सज्जाच्या दप्तराच्या किल्ल्या तहसीलदारांच्या टेबलावर नेऊन ठेवतो. आता किल्ल्यांसोबत डिजिटल स्वाक्षरीचे डोंगलही जमा होते. माझे काम मी करतो आहे, दुसऱ्याचे करत नाही, यात नियमभंग कुठे आला? आणि त्या गावातल्या शेतकऱ्याचा फेरफार मात्र अडकलेला असतो.

या सगळ्यांत मला सर्वांत हुशारीची वाटते ती तऱ्हा म्हणजे ‘नियमानुसार काम’. नियम मोडून आंदोलन करणारे जगभर सापडतील. इथे नियम तंतोतंत पाळणे हेच आंदोलन असते. प्रत्येक इंजिन पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तपासायचे, प्रत्येक अर्जाला सगळी जोडपत्रे मागायची, प्रत्येक शंका वरिष्ठांकडे लेखी पाठवायची. दोन दिवसांत सगळे तुंबते. ज्या कार्यालयात नियम पाळल्याने काम बंद पडते, तिथे एरवी काम कशावर चालते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. सरकारही तो विचारत नाही आणि संघटनाही विचारत नाही.

पगारासाठी सरकारच्या दारात जाऊन बसणे मराठी माणसाला नवे नाही. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीसोबत राजपुतान्यात फिरणाऱ्या थॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी शिपायांनी धरलेल्या धरण्यांचे वर्णन केले आहे. त्या रिवाजात मोठी मेख होती. धरणेकरी उपाशी बसला की ज्याच्या दारात तो बसला त्यालाही जेवता येत नसे. दोघांपैकी ज्याची भूक आधी अनावर होईल तो हरला. आजच्या धरण्यात उपाशी राहते ते एकच पोट, आणि दुसऱ्या बाजूला बैठकीत चहा-बिस्किटे फिरत असतात.

हा विनोद म्हणून सांगत नाही. सरकारी संपाची खरी अडचण नेमकी इथेच आहे. गिरणी बंद पडली की मालकाचा नफा बुडतो, निदान तसे गृहीत असते. १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरणी कामगारांना कळून चुकले की गिरणीपेक्षा तिच्याखालची जमीन महाग असेल तर मालकाला घाई नसते. सरकारला तर नफा नावाची गोष्टच नाही. कर्मचारी घरी बसले की उलट त्या दिवसांचा पगार वाचतो. नुकसान होते ते दाखल्यासाठी आलेल्या विद्यार्थ्याचे, शस्त्रक्रियेची तारीख मिळालेल्या रुग्णाचे, खरेदीखतासाठी मुंबईहून गावी आलेल्या माणसाचे. मालकाला धक्का द्यायचा तर तो या त्रयस्थाच्या अंगावरूनच द्यावा लागतो. मग सगळी लढाई एका प्रश्नावर येऊन ठेपते: हा त्रयस्थ चिडून कोणाला शिव्या देईल, संपकऱ्यांना की मंत्र्यांना?

शिव्या किती लवकर सुरू होतात हेही महत्त्वाचे. ४ जानेवारी २०२३ रोजी राज्यातील वीज कंपन्यांचे कर्मचारी तीन दिवसांच्या संपावर गेले. मुंबईलगतच्या भागात खासगी कंपनीला समांतर वितरणाचा परवाना देण्याला त्यांचा विरोध होता. सरकारने मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, लावला. तरी त्याच दिवशी ऊर्जामंत्र्यांसोबत बैठक झाली आणि संध्याकाळ व्हायच्या आत संप मिटला. तीन दिवसांचा संप एक दिवसही चालला नाही, कारण वीज दोन तास गेली की घरोघर फोन सुरू होतात. सफाई कामगाराचा संप तिसऱ्या दिवशी नाकाला जाणवतो. शिक्षकाचा संप महिनाभर चालला तरी मुले खूशच असतात. संपाची ताकद कामाच्या थोरवीवर अवलंबून नसते. ते काम किती वेळ थांबू शकते यावर असते. ज्यांचे काम थांबू शकते ते म्हणूनच पंचांगाकडे पाहतात. कनिष्ठ महाविद्यालयांतील शिक्षकांचा बहिष्कार बारावीच्या उत्तरपत्रिका तपासण्यावर असतो, वर्गात शिकवण्यावर नसतो. लिपिक आणि लेखा शाखांचा संप मार्चमध्ये येतो, कारण ३१ मार्चपूर्वी कोषागारात बिले मंजूर झाली नाहीत तर खात्यांचा निधी परत जातो. एरवी ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्या लेखा लिपिकाला मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात सगळे खाते नावाने हाक मारते.

आता कायद्याकडे वळू. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने संघटना बांधण्याचा हक्क दिला. पण संघटना असली म्हणजे संपाचा हक्क आपोआप आला असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले. त्याच सुमारास, १९६२ मध्ये, बिहारच्या कामेश्वर प्रसाद खटल्याचा निकाल आला. सरकारी नोकरांच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, संपावर मात्र घालता येईल, असा तो निकाल. फाटकावरची द्वारसभा चालते आणि संप चालत नाही, या दैनंदिन रिवाजामागे हा निकाल उभा आहे. पुढे केंद्राच्या आणि राज्याच्या वर्तणूक नियमांत संपबंदी कायम राहिली. २००३ मध्ये रंगराजन खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत हक्क नाही, कायदेशीर नाही आणि नैतिकही नाही. कायदेशीर हक्काबद्दल न्यायालयाने बोलावे हे समजते. नैतिक हक्क आहे की नाही हे ठरवण्याचे काम त्याला कोणी सांगितले होते, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही.

कायद्याने एवढे दरवाजे बंद असतानाही हे संप होतात, आणि जवळजवळ सगळे हरतात. हरतात म्हणजे मागणी मान्य न होता कामगार परत जातात. पण या हरलेल्या संपांच्या तारखा एका कागदावर मांडल्या आणि शेजारी पुढच्या पाचदहा वर्षांतले सरकारी निर्णय लिहिले, तर वेगळेच चित्र दिसते.

दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींवर नाराज होऊन केंद्रीय कर्मचारी ११ जुलै १९६० च्या मध्यरात्री संपावर गेले. नेहरूंच्या सरकारने वटहुकूम काढला, अटका केल्या, संघटनांच्या मान्यता काढून घेतल्या. पाच दिवसांत संप मोडला. सहा वर्षांनी, १९६६ मध्ये, त्याच सरकारी यंत्रणेने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी संयुक्त सल्लागार यंत्रणा उभी केली. वेतन-भत्ते, कामाचे तास आणि रजा यांवर एकमत झाले नाही तर लवादाकडे जाण्याची सोय तिच्यात ठेवली. बोलायला टेबल नव्हते म्हणून माणसे रस्त्यावर आली होती, हे सरकारने मान्य केले. फक्त मोठ्याने म्हटले नाही.

१९७४ चा रेल्वे संप हा या मालिकेतला सर्वांत मोठा. त्याची ठिणगी इंजिनाच्या फूटप्लेटवर पडली. चालक आणि फायरमन एका दमात चौदा-पंधरा तास राबत होते. ऑगस्ट १९७३ मध्ये त्यांनी संप केला आणि दहा तासांच्या ड्युटीचे आश्वासन मिळवले. त्या यशाने बाकीचे रेल्वे कामगार जागे झाले. त्याच वर्षी अखिल भारतीय रेल्वे कामगार महासंघाचे अध्यक्षपद जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आले. मुंबईत टॅक्सीवाले आणि महापालिका कामगार यांच्या संघटना बांधलेला, १९६७ मध्ये स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत पाडणारा हा माणूस. मागण्या अनेक होत्या: आठ तासांचा दिवस, महागाई भत्ता, हंगामी मजुरांना कायम करणे. पण सगळ्यांच्या तोंडी होती ती बोनसची मागणी. १९६५ च्या बोनस कायद्याने गिरणीच्या कामगाराला बोनस मिळत होता, रेल्वेच्या कामगाराला नाही, कारण रेल्वे हे सरकारी खाते होते आणि खाती त्या कायद्यातून वगळली होती.

संप ८ मे रोजी व्हायचा होता. फर्नांडिस यांना २ मे रोजीच लखनौमध्ये अटक झाली. वाटाघाटी करणारा माणूसच वाटाघाटी चालू असताना उचलला गेला. सुमारे सतरा लाख कामगारांच्या या संपाविरुद्ध भारत संरक्षण नियम आणि मिसा वापरले गेले आणि हजारो माणसे तुरुंगात गेली. पण तुरुंगाहून वाईट शस्त्र होते ते क्वार्टरचे. मनमाड, भुसावळ, कल्याण ही रेल्वेची गावे. तिथे घर रेल्वेचे, दवाखाना रेल्वेचा, पोरांची शाळाही रेल्वेची. अशा देशभरच्या वसाहतींत नवरा भूमिगत आणि दारात पोलीस, सामान बाहेर काढा, असे प्रसंग घडले. जो मालक तोच घरमालक असला की संपाची किंमत स्वयंपाकघरात मोजावी लागते. संप चालू असतानाच १८ मे रोजी पोखरणला अणुस्फोट झाला आणि वर्तमानपत्रांची पहिली पाने तिकडे गेली. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला, विनाअट. हाती काही नाही, हजारो बडतर्फ.

पुढे काय झाले? १९७७ मध्ये केंद्रात सरकार बदलले. फर्नांडिस तुरुंगातून निवडून आले आणि मंत्री झाले. रेल्वेमंत्री झाले ते राजापूरचे खासदार मधु दंडवते. संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी परत कामावर घेतले. आणि ज्या बोनससाठी सतरा लाख लोक वीस दिवस लढले, तो ‘उत्पादकतेशी निगडित बोनस’ असे सोज्वळ नाव घेऊन १९७९-८० पासून रेल्वेत सुरू झाला. आज दसऱ्याच्या तोंडावर केंद्रीय मंत्रिमंडळ रेल्वे कर्मचाऱ्यांचा बोनस जाहीर करते, तेव्हा बातमी गोड बातमी म्हणून येते. मे १९७४ चा उल्लेख तिच्यात नसतो.

महाराष्ट्रातली गोष्ट याच सुमाराची. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचे म्हणणे साधे होते. मुंबईच्या त्याच बाजारात, त्याच भावाने तांदूळ घेणाऱ्या केंद्राच्या लिपिकाला महागाई भत्ता जास्त आणि राज्याच्या लिपिकाला कमी, हे का? र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १४ डिसेंबर १९७७ रोजी संप सुरू झाला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. ग्रामीण महाराष्ट्राच्या नाडीवर बोट असलेल्या दादांना ठाऊक होते की ज्या राज्यात बहुतेकांना ठरलेला पगारच नाही, तिथे भत्त्याच्या मागणीला शहरांबाहेर सहानुभूती मिळणार नाही. त्यांनी हात आखडता ठेवला. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. चोपन्नाव्या दिवशी, ५ फेब्रुवारी १९७८ रोजी, मागणी पदरात न पडता संप संपला.

५४ दिवस म्हणजे किती, हे पगारावर जगणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. दोन पहिल्या तारखा कोरड्या जातात. वाण्याची उधारी चालते, पण पहिल्या महिन्यात चालते तशी दुसऱ्या महिन्यात चालत नाही. सोसायटीचे हप्ते थांबतात, दागिने सराफाकडे जातात. आणि या सगळ्याच्या वर एक भीती असते, जी गिरणी कामगाराला नव्हती: सेवेत खंड.

इथे थोडे थांबायला हवे. खासगी नोकरीत माणूस महिन्याच्या पगारासाठी काम करतो. सरकारी नोकरीत तो सेवापुस्तकासाठी काम करतो. नेमणुकीच्या दिवशी बोटांचे ठसे आणि अंगावरची ओळखीची खूण लिहून उघडलेल्या त्या पुस्तकात पुढची तीस-पस्तीस वर्षे एकेक ओळ चढत जाते: वेतनवाढ, बदली, पदोन्नती, रजा. ज्येष्ठता त्यावर, निवृत्तिवेतन त्यावर. पगार कापला तर तेवढ्या दिवसांचे नुकसान. ‘सेवेत खंड’ असा शेरा पडला तर त्याआधीची सगळी वर्षे धोक्यात येतात. म्हणून प्रत्येक संपाच्या आधी निघणाऱ्या परिपत्रकात ‘काम नाही, वेतन नाही’ या वाक्याकडे कर्मचारी फारसे लक्ष देत नाहीत. ते पुढचे वाक्य वाचतात. आणि प्रत्येक संप मिटताना, मुख्य मागण्यांचे काय व्हायचे ते होवो, संघटनेचा शेवटचा आग्रह एकच असतो: कारवाई मागे घ्या आणि सेवा खंडित धरू नका.

चोपन्न दिवसांच्या त्या संपानंतर वीस दिवसांनी, २५ फेब्रुवारी १९७८ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली. कोणालाच बहुमत मिळाले नाही. दोन्ही काँग्रेसची मोट बांधून वसंतदादा पुन्हा मुख्यमंत्री झाले, पण जुलैमध्ये शरद पवारांनी ते सरकार पाडले आणि पुलोदचे, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचे, सरकार आले. या सरकारने जे निर्णय घेतले, त्यांतला एक म्हणजे राज्य कर्मचाऱ्यांना केंद्राच्या दराने महागाई भत्ता. पाच महिन्यांपूर्वी जे परवडत नव्हते ते आता परवडले. तिजोरी तीच होती.

तमिळनाडूत हीच गोष्ट अधिक झगझगीत उजेडात घडली. जुलै २००३ मध्ये मुख्यमंत्री जयललितांनी संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना वटहुकमाच्या बळावर एका फटक्यात बडतर्फ केले. रंगराजन खटला उभा राहिला तो यातूनच. न्यायालयाच्या मध्यस्थीने बहुतेक जण माफीपत्रे लिहून परतले. सरकार पुरते जिंकले होते, निकालाचा शिक्कासुद्धा मिळाला होता. दहा महिन्यांनी लोकसभेच्या निवडणुकीत त्यांच्या आघाडीला राज्यातल्या ३९ पैकी एकही जागा मिळाली नाही, आणि निकालानंतर लगेच कर्मचाऱ्यांवरच्या कारवाया मागे घेतल्या गेल्या.

सरकारी संप हा अशा उशिराच्या वसुलीचा प्रकार आहे. त्या दिवशी फळ मिळत नाही. मिळते ते दुसऱ्याच सरकारच्या हातून, दुसऱ्याच नावाने, आणि पुष्कळदा संपाच्या वेळी नोकरीत नसलेल्या माणसाला. यात अन्याय आहे का? आहे. १९७४ मध्ये क्वार्टरमधून बाहेर काढलेली माणसे आणि आज बोनस घेणारी माणसे एकच नाहीत. पण या उशिराला कारणही आहे. संपापुढे वाकलेले सरकार दुबळे दिसते आणि उद्या दुसरी संघटना दारात उभी राहते. शांततेच्या काळात तेच दिले तर ते औदार्य दिसते.

सगळेच संप असे वसूल होत नाहीत. १८ ऑगस्ट १९८२ चा मुंबई पोलिसांचा उद्रेक झाला तो झालाच. तीन दिवस आधी, स्वातंत्र्यदिनी, शिपायांनी काळ्या फिती लावल्या होत्या. १८ तारखेला पहाटे त्यांच्या संघटनेच्या नेत्यांना पकडले गेले आणि शहरात दंगल उसळली. गिरणी संपातले कामगारही रस्त्यावर आले. बाबासाहेब भोसल्यांच्या सरकारने लष्कर बोलावले आणि संघटना मोडली. हातात दंडुका असलेल्याने दंडावर काळी फीत बांधली तर राज्य ते सहन करत नाही. १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर मुळातच मर्यादा घातल्या आहेत. आज पोलिसांच्या मागण्या बरेचदा त्यांच्या बायका मांडतात, मोर्चे काढून. बायकांना वर्तणूक नियम लागू नाहीत.

आणि काही माणसे अशी की ती सरकारी आहेत की नाहीत हेच ठरलेले नाही. अंगणवाडी सेविकेला मिळते ते वेतन नव्हे, ‘मानधन’. शब्दात मान आहे, धन थोडे. वेतनश्रेणी मागितली की सांगतात, तुम्ही कर्मचारी नाही, मानसेवी आहात. पण मार्च २०१८ मध्ये त्याच सेविकांना मेस्मा लावला गेला. पगारासाठी कर्मचारी नाही आणि संपबंदीसाठी अत्यावश्यक, हा हिशेब विधानसभेतही कोणाला पटला नाही. सत्तेतल्या शिवसेनेच्या आमदारांनीच गोंधळ घातला आणि मुख्यमंत्र्यांना त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली.

एसटीचा संप याच्याही पुढचा. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या या संपात दिवाळीनंतर बसगाड्या आगारात रांगेने उभ्या राहिल्या. मागणी होती विलीनीकरणाची: महामंडळाचे नव्वद हजारांवर कर्मचारी राज्य सरकारचे कर्मचारी व्हावेत. ज्या वर्गाला संपाचा हक्क नाही त्या वर्गात प्रवेश मिळावा म्हणून केलेला हा संप. विरोधाभास वरवरचा आहे. पहिल्या तारखेला पगार, वेतन आयोग आणि सेवापुस्तक यांच्यापुढे संपाचा हक्क चालक-वाहकांना फुटक्या कवडीचा वाटत होता. काहींनी जीव दिले. मध्येच पगारवाढ जाहीर झाली, ती बहुतेकांनी नाकारली. तीन सदस्यांच्या समितीने विलीनीकरण शक्य नसल्याचे सांगितले. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर परतण्याची मुदत दिली, नोकऱ्या वाचवल्या, आणि साडेपाच महिन्यांनी लाल गाड्या रस्त्यावर आल्या. तोवर ग्रामीण मुलींची शाळा बुडाली ती बुडालीच. खेड्यातून तालुक्याला जायला ज्यांच्याकडे एसटीच होती त्यांच्यापैकी कितींनी परत पास काढला, हा हिशेब कुठल्याही वाटाघाटीच्या टेबलावर नव्हता.

राहिला पेन्शनचा संप. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत येणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. त्यांच्या पगारातून दहा टक्के जाऊ लागले, सरकार आपला वाटा घालू लागले, आणि शेवटी हातात काय येईल हे बाजारावर सोडले गेले. त्या वेळी फारशी खळखळ झाली नाही, कारण ज्यांचे नुकसान होणार होते ते अजून नोकरीत यायचे होते. पंधरा-सोळा वर्षांनी त्यांची संख्या वाढली, कार्यालयांत तेच बहुसंख्य होऊ लागले. राजस्थानने २०२२ मध्ये जुनी योजना परत आणली, मग आणखी राज्यांनी. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितले की जुनी पेन्शन दिली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल. जानेवारीअखेर विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांत मतदान झाले. नागपूर शिक्षक आणि अमरावती पदवीधर या दोन्ही जागा भाजपच्या बाजूने गेल्या नाहीत. तिथला मतदार कोण, हे सांगायला नको.

१४ मार्च २०२३ रोजी, अर्थसंकल्पी अधिवेशन चालू असताना आणि मार्चअखेर तोंडावर असताना, ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्याचे कर्मचारी, शिक्षक, परिचारिका बाहेर पडले. समन्वय समितीचे निमंत्रक होते विश्वास काटकर. त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. गहू, हरभरा, द्राक्षे आडवी झाली आणि पंचनामे करायला तलाठी नाही, कृषी सहायक नाही, ग्रामसेवक नाही. संपकऱ्यांच्या दृष्टीने याहून वाईट वेळ असू शकत नव्हती. पिकाला हमीभाव मिळत नाही अशा माणसाच्या बांधावर उभे राहून स्वतःच्या पेन्शनची हमी मागणे अवघड असते, आणि त्यांच्यातले बरेच जण त्याच शेतकऱ्यांची मुले होती. २० मार्चला मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यासोबत बैठक झाली आणि एका समितीच्या अहवालाच्या आश्वासनावर संप मिटला. रूढ अर्थाने तोही हरलाच.

मग १४ डिसेंबर आला, पुन्हा संपाची हाक, पुन्हा बैठक. जानेवारी २०२४ मध्ये ज्यांच्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. ऑगस्टमध्ये केंद्राने शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन हमीने देणारी एकीकृत योजना जाहीर केली, आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. विधानसभेची निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती.

आणि संपाच्या त्या सात दिवसांचे काय झाले? मार्च २०२३ संपायच्या आत सरकारने निर्णय काढला. १४ ते २० मार्चची अनुपस्थिती असाधारण रजा म्हणून नियमित करावी, सेवेत खंड धरू नये. असाधारण रजा म्हणजे बिनपगारी. आस्थापना शाखेतल्या लिपिकांनी, जे स्वतःही त्या सात दिवसांत बाहेरच होते, कपाटातून सेवापुस्तके काढली आणि एकेका पुस्तकात ती ओळ भरायला घेतली. स्वतःच्यासुद्धा.